अर्धी बाटली

सासूबाईंच्या तोंडातले दात मी केलेले आहेत, आणि ते लावूनच त्या मला चावतात, हा आमच्या घरातला जुना विनोद. पहिल्यांदा तो त्यांनीच केला. मी कवळ्या बनवते. एकवीस वर्षं झाली. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे येतात, त्यात प्लास्टर ओतून साचे काढायचे, मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवायचा, वरचा दात खालच्यावर जेमतेम कागद अडकेल इतकाच टेकतोय ना ते बघायचं, मग मेणाच्या जागी प्लास्टिकचा गुलाबी मसाला भरून गरम पाण्यात शिजवायचा, घासायचं, चकाकी आणायची. लॅबमध्ये आम्ही चौघं. त्यात माझ्या हातची कवळी कधी तक्रार होऊन परत येत नसे.

नसे म्हणते, कारण पुढे यायला लागली.

दुखणं नेमकं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. आधी मान, मग खांदे, कंबर, मांड्या, तळपाय. मार खाल्ल्यासारखं अंग, आणि मारणारा कुणी नाही. घड्याळाचा पट्टा सहन होईना, अंगावरची चादर जड वाटायला लागली. आठ तास पडून उठलं तरी डोळ्याला डोळा लागलाच नाही असं वाटायचं. एका जागी बसले की पायांत मुंग्यांचं वारूळ फुटायचं. उठले की बसावंसं वाटे, बसले की उठावंसं.

"अगं, तू घरात फिरतेस की पहारा देतेस?" आमचे हे विचारायचे. हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढतात. गळती कुठे आहे ते कागदावर बोट ठेवून सांगतात. माझ्यातली गळती मात्र त्यांना सापडेना.

कुणालाच सापडेना. रक्त तपासलं, हाडं तपासली, नसांना बारीक झटके देऊन बघितले. रिपोर्ट इतके उत्तम, की फ्रेम करून भिंतीवर लावावेत. एक डॉक्टर म्हणाले वजन कमी करा, दुसरे म्हणाले काळजी कमी करा, तिसऱ्यांनी नुसतंच घड्याळाकडे बघितलं. खरंच दुखतंय हो, असं सांगून सांगून दातांच्या कण्या झाल्या. चौथ्या होत्या डॉक्टर मॅडम. त्यांनी तासभर प्रश्न विचारले, अंगठ्यानं मान, कोपर, गुडघे दाबून बघितले, आणि म्हणाल्या, "याला नाव आहे. फायब्रोमायल्जिया. तुमचं दुखणं खरं आहे."

मी रडायलाच लागले. आजार मिळाला म्हणून रडणारी मी काही पहिली नसणार, कारण कागदी रुमालांचा डबा टेबलावर तयारच होता.

नाव मिळालं म्हणून दुखणं थांबत नाही. दोन वर्षं गोळ्या घेतल्या. एकीनं दुखणं थोडं कमी झालं, पण डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं. त्या कापसातच मी एकदा डावा सुळा उजवीकडे बसवला. मालकांनी ती कवळी माझ्या टेबलावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, हे गिऱ्हाईक हसलं तर कसं दिसेल?" दुसऱ्या दिवसापासून दात बसवायचं काम माझ्याकडून काढून मला प्लास्टर कालवायला बसवलं. नवशिक्यांचं काम ते. ते ओरडले असते तरी चाललं असतं.

त्याच महिन्यात डॉक्टर मॅडमनी एका औषधाच्या अभ्यासात भाग घ्याल का, असं विचारलं. त्यांच्या रुग्णालयात एका तेलाची तपासणी होणार होती. सोळा आठवडे, जिभेखाली थेंब, सकाळ-संध्याकाळ.

"कसलं तेल?"

"भांगेच्या झाडाचं. सगळं रीतसर परवानगीनं आहे, मोजून मापून. पण एक नीट ऐका. निम्म्या लोकांच्या बाटलीत औषध असेल, निम्म्यांच्या बाटलीत साधं तेल. चव, वास, रंग सारखाच. कुणाला काय मिळालंय ते मला माहीत नसेल, सिस्टरना नसेल, तुम्हालाही नसेल."

"आणि मला साधं मिळालं तर?"

"तर त्याचाही उपयोग आहे. तुम्हाला नाही, पुढच्यांना."

घरी सांगितलं. ह्यांनी दोनदा 'नक्की ना?' विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे गांजाच की! बरं झालं बाई, सूनबाई चिलीम ओढायला बसली की मी विस्तव आणून देत जाईन." मी हसले नाही. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि मग म्हणाल्या, "घे गं. मला काय कळतंय? तुझं अंग तुलाच माहीत."

पहिल्या दिवशी रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही सातआठ जण बाकांवर बसलो होतो. एकच बाई बसलेली नव्हती. साठीची, काटकुळी, केस पुरुषासारखे कापलेले. ती बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत झपाझप चालत होती. चौथ्या फेरीला माझ्यापुढे थांबली.

"तू पण पाय हलवतेयस मघापासून. बसवत नाही ना? मग उठ की. बसायचं बक्षीस देतात का इथे?"

मी उठले. आम्ही बरोबर चाललो. शाळेत तीस वर्षं कवायत आणि खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. आख्खी शाळा त्यांना पीटीच्या बाई म्हणायची, मीही तेच म्हणायला लागले. दुखणं माझंच, फक्त नऊ वर्षं जुनं. "पोरांना उंच उडी शिकवली गं मी," त्या म्हणाल्या, "आता मोरीचा उंबरा ओलांडताना हिशेब करते." मी कवळ्या बनवते हे ऐकल्यावर त्यांनी माझं नाव दातवाली ठेवलं.

अभ्यासाच्या सिस्टर कडक होत्या, पण प्रेमळ. प्रत्येकीला तपकिरी काचेची बाटली, तिच्यावर नुसता आकडा. माझी सदतीस, बाईंची एकोणचाळीस. एक वही, रोज सकाळी शून्य ते दहापैकी दुखणं किती ते लिहायचं. "गाडी चालवायची नाही, थेंब चुकवायचे नाहीत, आणि बाटली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. दर तीन आठवड्यांनी परत आणायची, मी वजन करणार." छोटा काटा त्यांनी आम्हाला दाखवलासुद्धा.

पहिले तीन आठवडे काही नाही. तोंडाला कोरड पडायची, एकदोनदा उठताना गरगरलं, बस. चौथ्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तर खिडकीत ऊन होतं आणि हे चहा घेऊन उभे होते. मी सलग सहा तास झोपले होते. वहीत सहा लिहिलं. नंतरच्या आठवड्यात पाच. दुखणं गेलं नव्हतं, पण शेजारच्या खोलीत जाऊन बसल्यासारखं झालं होतं. मी मालकांकडे गेले, म्हटलं एक कवळी देऊन बघा. त्यांनी दिली. अठ्ठावीस दात मेणात बसवले, एकही काढून परत लावावा लागला नाही. संध्याकाळी मालकांनी ती दिव्याखाली धरली, फिरवली, आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टरचं घमेलं माझ्या टेबलावरून उचलून नेलं.

बाईंच्या वहीत मात्र आठ. रोज आठ. भेटीच्या दिवशी त्या माझ्या वहीत डोकावायच्या. मी लपवायला बघायचे, तर म्हणायच्या, "लपवतेस काय? चोरी केलीस का?" नवव्या आठवड्याच्या भेटीनंतर त्यांनी मला जिन्याशी गाठलं.

"दातवाली, उघड आहे सगळं. तुझ्या बाटलीत औषध आहे. माझ्या बाटलीत तळणीचं तेल."

"तसं नक्की सांगता येत नाही, बाई. मॅडमनाही माहीत नाही."

"मॅडमना नसेल. माझ्या गुडघ्यांना माहीत आहे." मग इकडेतिकडे बघून, "थोडं दे ना मला. आठवड्यापुरतं. खरं काय ते एकदा अंगाला कळू दे."

मी नाही म्हटलं. नियम आहे, वजन होतं, दोघींना काढून टाकतील. बाईंनी वाद घातला नाही. "बरोबर आहे तुझं," म्हणाल्या आणि जिना उतरल्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत.

पुन्हा त्यांनी कधी मागितलं नाही. फक्त रोज सकाळी फोनवर एक मेसेज यायचा. 'आठ.' बस. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. 'आठ.' दुसऱ्या दिवशी, 'आठ.' मी दात बसवत असायचे आणि खिशातला फोन थरथरायचा. माझी झोप चांगली होती, पाय शांत होते, पण आता मनाला मुंग्या आल्या. आपल्या ताटात आहे आणि समोरचा उपाशी आहे, अशी ती अवस्था. ह्यांनी विचारलं, "तेल लागू पडलंय ना? मग आता का फिरतेस?" मी म्हटलं, सवय.

बाराव्या आठवड्याच्या भेटीला बाई आल्या नाहीत. यजमान येऊन त्यांची जुनी बाटली देऊन नवी घेऊन गेले. चार दिवसांनी मेसेज आला, 'नऊ.'

त्या दुपारी मी औषधाच्या दुकानातून एक रिकामी ड्रॉपरची बाटली आणली. लॅबमध्ये सगळे जेवायला बाहेर गेले होते. मसाला कालवायचं द्रव मोजायची बारीक नळी होती, नवी, पाकिटातली. तिनं मोजून मी माझं निम्मं तेल त्या बाटलीत घातलं. मग सदतीस नंबरच्या बाटलीत घरून आणलेलं खायचं तेल तेवढंच भरलं, झाकण लावून हलवलं. रंग जरा फिका झाला. एकवीस वर्षं मी लोकांना खोटे दात देत आले, पण ते खोटे आहेत हे सांगून. इतकं सरळसरळ खोटं काम मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं, आणि त्यातही एक थेंब सांडू दिला नाही.

संध्याकाळी बसथांब्यावर बाईंच्या हातात बाटली दिली. रुमालात गुंडाळून, जणू आम्ही दोघी चित्रपटातले तस्कर.

"पाच थेंब सकाळी, पाच संध्याकाळी. जास्त नाही."

"हो गं."

"आणि तुमची ती बाटली?"

"ती चालू ठेवते, नाहीतर वजनात पकडतील. तेलानं कुणाचं काय बिघडलंय?"

मला त्याच वेळी काहीतरी खटकलं होतं. पण बस आली, आणि बाईंनी माझा हात इतका घट्ट दाबला की दुखलं, आणि मी ते बोलले नाही.

त्या रात्री मी झोपले नाही. तेल पातळ झालं म्हणून, की मन खात होतं म्हणून, ते आजही मला सांगता येणार नाही.

दोन दिवसांनी, शनिवारी अकराच्या सुमाराला, मी साच्यात गुलाबी मसाला भरून दाबयंत्र आवळत होते. फोन आला. नंबर बाईंचा, आवाज पुरुषाचा.

"तुम्ही दातांच्या ताई का? मी हिचा नवरा बोलतोय. हिच्या फोनवर रोज तुमचाच नंबर दिसतोय म्हणून... ही न्हाणीघरात पडली हो. छाती धडधडतेय, मी मरते मरते म्हणतेय. आम्ही रुग्णालयात आणलंय. डॉक्टर विचारताहेत काय खाल्लंय, काय घेतलंय. तिच्या अभ्यासातल्या थेंबांचं सांगितलं, बाकी मला काही माहीत नाही. तुम्हाला काही माहीत आहे का?"

मी 'येते' एवढंच म्हटलं. मसाला तसाच दाबयंत्रात सोडला. मालकांना 'तब्येत' म्हटलं, कुणाची ते नाही. टॅक्सीत बसले आणि तोंडाला जी कोरड पडली ती तेलाची नव्हती. मनात दोन आवाज भांडत होते. एक म्हणत होता, गप्प बस, तीनच आठवडे उरलेत, तुझी झोप, तुझं टेबल, सगळं जाईल. दुसरा नुसतंच विचारत होता, त्या वाचल्या नाहीत तर? टॅक्सी प्रत्येक सिग्नलला थांबत होती आणि प्रत्येक सिग्नलला माझा निर्णय बदलत होता. रुग्णालयाच्या दारात उतरले तेव्हाही नक्की काहीच नव्हतं.

तातडीच्या खोलीत पडद्यामागे बाई पडल्या होत्या. चेहरा पांढराफटक, डावं मनगट विचित्र वाकडं, छातीवर तारा चिकटवलेल्या. तोंड आत गेलेलं. एक तरुण डॉक्टर दुसऱ्याला सांगत होता, हृदयाचं काही दिसत नाही, डोक्याचा फोटो काढू या. बाईंनी मला बघितलं आणि डोळे मिटून घेतले. त्या सांगणार नव्हत्या. मला वाचवायला त्या गप्प बसल्या होत्या.

"डॉक्टर," मी म्हटलं, "यांनी भांगेचं तेल घेतलंय. मी दिलंय."

एकदा तोंड उघडलं तशी मी थांबलेच नाही. बाटली, नळी, खायचं तेल, बसथांबा, सगळं. यजमान कोपऱ्यात उभे होते, हातात बाईंची चप्पल. त्यांनी ती हळूच खाली ठेवली.

तरुण डॉक्टरनं बाईंना विचारलं, "किती घेतलंत, आजी?"

बाई पुटपुटल्या, "सगळं. एकदम." थोड्या वेळानं, डोळे न उघडताच, "मी पोरांना कधी अर्धी उडी मारायला सांगितली नाही."

सिस्टर वरून धावत आल्या. माझं ऐकून घेताना त्यांचा चेहरा हळूहळू मिटत गेला. "ताई," त्या म्हणाल्या, "काटा माझ्याकडे होता. पण तुमची बाटली मी कधी नीट बघितलीसुद्धा नाही. वाटलं, यांची काय बघायची." यापेक्षा त्यांनी कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

मग त्यांनी डॉक्टर मॅडमना फोन लावला. जिवाचा प्रश्न असला की बाटलीत काय आहे ते उघडून बघता येतं, तशी सोय असते म्हणे. बाईंनी दोन्ही बाटल्यांतलं घेतलं होतं, म्हणून दोन्ही आकडे उघडायचे ठरले. मला बाहेर बसवलं. बसवलं म्हणजे काय, त्या बोळात मी किती फेऱ्या मारल्या ते मोजायला बाई शेजारी नव्हत्या.

तासाभरानं यजमान बाहेर आले. धडधड कमी होतेय, म्हणाले, अंमल उतरला की बरी होईल, मनगट मोडलंय. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. "पडली तेव्हा हे तोंडातून उडालं. दोन तुकडे झालेत. तिला कुणी बिनदातांचं बघितलेलं चालत नाही हो. मीसुद्धा नाही." आत वरची कवळी होती, मधोमध तडकलेली. बाई कवळी लावतात हे मला, जिचा हा धंदा आहे तिला, तेरा आठवड्यांत कळलं नव्हतं. कुणीतरी फार चांगलं काम केलं होतं.

"माझ्याकडे द्या," मी म्हटलं.

त्या रात्री ह्यांना सगळं सांगितलं. ते पुढ्यातला नकाशा गुंडाळत राहिले. मग, "मला सांगितलं असतंस तर मी नको म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

ते उठून खिडकीशी गेले, परत आले, परत गेले. त्या रात्री घरात पहारा त्यांनी दिला. सासूबाईंनी दारातून ऐकलं असावं. सकाळी त्यांनी माझ्या हातात चहा दिला आणि एकही विनोद केला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

रविवारी लॅबची किल्ली मागून घेतली. तुकडे जुळवले, मागून प्लास्टर भरलं, फटीच्या कडा घासून रुंद केल्या आणि नवा मसाला भरला. दुखणं परतायला लागलं होतं. एका हातानं दुसरा हात धरून काम केलं. सांधा दिसू नये म्हणून तीनदा चकाकी दिली.

सोमवारी बाईंच्या खाटेशी आम्ही सगळे होतो. मनगटाला प्लास्टर, तोंडावर रुमाल. डॉक्टर मॅडम उभ्यानंच बोलल्या. रागावल्या होत्या, पण आवाज चढवला नाही.

"तुमचे दोघींचे आकडे आता कुठे धरता येत नाहीत. तेरा आठवडे वाया. दोघीही अभ्यासातून बाहेर." मग त्या खाटेच्या कडेला बसल्या. "आता दुसरं. सदतीसमध्ये औषध होतं. आणि एकोणचाळीसमध्येही होतं."

मला आधी समजलंच नाही. बाईंना माझ्याआधी समजलं. म्हणून तर इतका अंमल चढला होता: रोजचं औषध होतंच, त्यावर माझ्या बाटलीतलं सगळं एकदम.

बाईंनी रुमालाआडून काहीतरी विचारलं. कुणालाच कळलं नाही. मी पिशवीतून कवळी काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, भिंतीकडे वळल्या, लावली, आणि परत आमच्याकडे वळल्या.

"म्हणजे मी पहिल्या दिवसापासून खरंच औषध घेत होते?"

"हो."

"आणि मला काहीच झालं नाही."

"काहींना लागू पडतं, काहींना नाही. का, ते अजून आम्हालाही नीट सांगता येत नाही."

बाईंनी प्लास्टरचा हात पोटावर ओढून घेतला. "साधं तेल निघालं असतं तर बरं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं, माझी पाळी अजून यायची आहे." मग माझ्याकडे न बघता, "तू जा आता, दातवाली."

मी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन थरथरला नाही. त्यानंतरही नाही. मी तीनदा लावला, उचलला नाही. आठवड्याभरात माझे पाय पुन्हा पेटले, मान आखडली. मालकांना खरं सांगितलं, अर्ध्यावर सोडलेल्या त्या मसाल्याचंही, तेव्हा ते म्हणाले, "बसवता येतील तेवढे दात बसवा, बाकी मी बघतो." डॉक्टर मॅडमनी माझ्यावर रागावून झाल्यावर एक अर्ज दिला: अभ्यासाबाहेर, रुग्ण म्हणून, हेच तेल रीतसर मिळण्यासाठी. तीन सह्या, दोन समित्या. "मिळेलच असं नाही," म्हणाल्या. त्यांच्या जागी मी असते तर अर्जही दिला नसता. अकरा आठवडे मी त्याची वाट बघितली. रोज सकाळी वहीत आकडा लिहीत राहिले, कुणी मागत नव्हतं तरी.

त्या वाट बघण्याच्या आठव्या आठवड्यात एका दुपारी लॅबचं दार ढकलून बाई आत आल्या. प्लास्टर निघालं होतं, मनगट काठीसारखं बारीक.

"घासतंय," त्या म्हणाल्या आणि माझ्या पुढ्यातल्या स्टुलावर बसल्या. "उजवीकडे, मागे. दुरुस्ती नीट झालेली नाही."

"बघू."

त्यांनी तोंड उघडलं. मी दिवा ओढला. कवळीच्या कडेशी हिरडीवर खरंच लाल ठिपका होता. तोंड उघडं असलं की माणसाला बोलता येत नाही, आणि मला बोलायचं होतं.

"बाई, मी ते तुमच्यासाठी दिलं असं म्हणते, पण तसं पुरतं नव्हतं. तुमचा तो आठचा आकडा मला सहन होत नव्हता. मला सुटायचं होतं त्यातून. बसथांब्यावर मला खटकलं होतं, तुमच्या बाटलीतही औषध असलं तर काय. मी बोलले नाही."

बाईंनी हातानं माझं मनगट बाजूला केलं, कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. माझ्यासमोर. तोंड झाकलं नाही.

"मी तो आकडा मुद्दाम पाठवत होते," त्या बोबड्या आवाजात म्हणाल्या. "तू विरघळशील म्हणून. ते काय मला कळत नव्हतं होय? घास आता, बघत काय बसलीस."

मी कवळी घासली. त्या तोवर लॅबमध्ये फिरत राहिल्या, साचे उचलून बघत, खाली ठेवत. आता गरम पाण्याच्या तलावात व्यायाम करतात, म्हणाल्या, आठवड्यातून तीनदा. दहा-बारा जणी असतात. शिकवणारी पोरगी चुकीचं मोजते, म्हणून हल्ली बाईच मोजतात. दुखणं? कधी सात, कधी आठ. पाण्यात असेपर्यंत सहा.

माझा अर्ज मंजूर झाला ते मी त्यांना आठवडाभर सांगितलं नाही. मग सांगितलं, फोनवर नाही, तलावाच्या काठावर, त्या टॉवेलनं केस पुसत असताना.

"घेतलंस?"

"पाच दिवस झाले."

"झोप?"

खोटं बोलणं सोपं होतं. चार तास म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"साडेपाच तास. काल सहा."

त्यांचा टॉवेल थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जोरात. "बरं झालं," त्या म्हणाल्या. आतल्या बायका एकमेकींवर पाणी उडवत हसत होत्या. "मला अजून मनातून वाटतं गं, दोन थेंब मागावेत तुझ्याकडे. माहीत आहे उपयोग नाही. तरी."

मी त्यांची ओली पिशवी उचलून बाकावर ठेवली.

"मागितले तर देऊ नकोस."

"नाही देणार."

"रडून मागितले तरी?"

"तरी नाही."

"हं," बाई म्हणाल्या, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि आत कुणीतरी चुकीचं मोजत होतं म्हणून तिकडे ओरडायला निघून गेल्या.